मधली तीस वर्षे

मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या अर्धवर्तुळाकार इमारतींसमोर जुन्या मोटारी फेरीसाठी रांगेने उभ्या राहतात, तेव्हा प्रत्येक गाडीपुढील फलकावर तिच्या कारखान्याचे नाव, जन्माचे साल, इंजिनाची शक्ती आणि विद्यमान मालकाचे नाव एवढा मजकूर बहुधा असतो. आणि तो वाचणारा प्रेक्षक, ही गाडी कारखान्याच्या दारातून निघाली ती थेट येथे येऊन उभी राहिली, अशा काहीशा समजुतीने पुढच्या गाडीकडे वळतो. निर्मितीचे साल आणि प्रदर्शनाचा दिवस यांच्या मधे जी पाऊणशे-ऐंशी वर्षे गेली, त्यांत ती गाडी कोणी चालती ठेवली, तिचे झिजलेले पिस्टन कोणी बदलले, फुटलेली काच कोठून आणली आणि परदेशातला मूळ कारखाना बंद पडल्यावर तिच्या ब्रेकचे रबर कोणी ओतून दिले, याविषयी फलकावर अवाक्षर नसते. प्रस्तुत पुस्तक त्या वगळलेल्या मजकुराविषयी आहे, आणि म्हणूनच ग्रंथकर्त्यांनी प्रस्तावनेची जबाबदारी माझ्यावर सोपवली तेव्हा, मोटारींच्या सौंदर्यावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही हे ठाऊक असूनही, मी ती आनंदाने पत्करली.

विषयाचे क्षेत्र निश्चित करण्यास आपल्या मोटार कायद्याचाच आधार घेणे सोयीचे होईल. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. ती मुदत संपली, की मालकाने तपासणीसाठी गाडी प्रादेशिक परिवहन कार्यालयात हजर करावी, पर्यावरण कर भरावा आणि पाच-पाच वर्षांच्या मुदतवाढी पदरात पाडून घ्याव्यात, असा आपल्या राज्यातला रिवाज आहे. 2021 साली केंद्र शासनाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही दोन अक्षरे घालण्याची, नव्या नोंदणीस 20,000 रुपये आणि फेरनोंदणीस 5,000 रुपये शुल्क घेण्याची, आणि अशा गाड्या नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर न आणता प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी आणण्याची तजवीज त्यात आहे. याचा अर्थ असा, की जी मोटार पंधराव्या वर्षी सरकारी दफ्तरात संशयिताच्या यादीत जाते, तीच पन्नासाव्या वर्षी सन्मानाने वारशाच्या यादीत येते. नव्या गाडीची काळजी तिचा कारखाना घेतो, पन्नाशीच्या गाडीची काळजी तिचा हौशी मालक घेतो. परंतु विसाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतच्या ज्या तीस वर्षांत ती नुसतीच जुनी असते, तिला बाजारात भाव नसतो आणि शेजारी तिच्याकडे अडगळ म्हणून पाहतात, त्या काळात तिचा वाली कोण? माझ्या समजुतीप्रमाणे तो वाली म्हणजे सुट्या भागांचा व्यापारी आणि त्याच्या मागे उभा असलेला लेथवरचा कारागीर. छंदाच्या इतिहासात मात्र या दोघांचे नाव शोधून सापडत नाही.

हा व्यापार छंदाच्या पोटी जन्मलेला एक जोडधंदा आहे, असा जो सार्वत्रिक ग्रह आहे तो कालगणनेच्या दृष्टीनेही टिकत नाही. जुन्या मोटारींच्या जतनासाठी ब्रिटनमधला व्हेटरन कार क्लब 1930 साली आणि अमेरिकेतील तशी संस्था 1935 साली स्थापन झाली; पण कारखान्याने न दिलेली वस्तू मोटारवाल्याला विकणारा दुकानदार त्यांच्या कितीतरी आधी पेढी थाटून बसला होता. पहिल्या दशकातल्या मोटारींबरोबर जादा चाक मिळत नसे, आणि वाटेत हवा गेली म्हणजे धनिकाच्या शोफरला धुळीत बसून ट्यूब काढावी लागे. ही अडचण पाहून 1904 साली वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरसह एक आरे नसलेली धाव तयार केली, जी पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून जखडता येई. ती धाव इतकी खपली, की तिचे नाव आजही आपल्या प्रत्येक डिकीत पडून आहे.

परंतु या व्यवसायाने खरे बाळसे धरले ते हेन्री फोर्डच्या टी मॉडेलमुळे. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेली ही गाडी स्वस्त होती याचे एक कारण असे, की तीत जे असलेच पाहिजे तेवढेच होते. पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली, आणि तीत पेट्रोल किती उरले हे पाहण्यासाठी बैठक उचलून काठी बुडवावयाची. पाणी फिरवण्यास पंप नाही, ते उष्णतेने आपोआप वर चढून फिरेल एवढाच भरवसा. जे फोर्डने दिले नाही ते देण्यासाठी शेकडो लहानमोठे कारखानदार पुढे सरसावले, आणि टपालाने माल पाठवणाऱ्या पेढ्यांच्या सूचिपत्रांत पाण्याचे पंप, धक्काशोषक, आरसे, जादा ब्रेक, सामान ठेवण्याच्या जाळ्या यांची पानेच्या पाने भरू लागली. या व्यापारातला सर्वांत गमतीचा योग म्हणजे शेव्हरोले बंधूंचा. ज्यांच्या आडनावाची मोटार पुढे फोर्डची कट्टर प्रतिस्पर्धी ठरली, ते बंधू त्या कंपनीतून बाहेर पडल्यावर इंडियानापोलिसला 'फ्रॉन्टेनॅक' नावाचे सिलिंडर-हेड बनवू लागले, आणि ते बसवायचे होते फोर्डच्याच इंजिनावर! शिकागोत 1915 साली मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकण्यासाठी उघडलेले भंगारचे एक दुकान पुढे जे. सी. व्हिटनी या नावाने साऱ्या अमेरिकेला सुटे भाग टपालाने पुरवणारी पेढी बनले. टी मॉडेल आज रस्त्यावर चालताना दिसते, याचे श्रेय फोर्डच्या कारखान्याइतकेच, कदाचित काकणभर अधिकच, या सूचिपत्रांच्या परंपरेला आहे.

आपल्याकडील हकीकत निराळी आहे, कारण येथे हा व्यवसाय विपुलतेतून न निपजता टंचाईतून निपजला. 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, आणि पेट्यांतून आलेले भाग जोडून अमेरिकन गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर येऊ लागल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, विदेशी सत्तेचा पाठिंबा नसताना, 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि युद्धोत्तर काळात कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या व मालमोटारी जुळवावयास सुरुवात केली. पुढे 1953 साली जकात आयोगाने असा अभिप्राय दिला, की ज्यांचा देशात भाग बनवण्याचा क्रमवार कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जुळवाजुळव चालू ठेवू नये. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही येथून गाशा गुंडाळला. स्वदेशी उद्योगाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता याविषयी मला शंका नाही. परंतु त्यामुळे, आणि लगोलग परकीय चलनाच्या तुटवड्यापायी आयातीवर आलेल्या निर्बंधांमुळे, या देशातील शेव्हरोले, ब्यूक, फोर्ड, ऑस्टिन, मॉरिस अशा असंख्य गाड्या एका हुकुमासरशी बेवारस झाल्या, हेही तितकेच खरे. त्यांचा कारखाना हयात होता, पण त्याच्या भागाला परवाना मिळत नव्हता. त्या दोन-तीन दशकांत गिरगावापासून कुर्ल्यापर्यंतच्या गॅरेजांत जे हुन्नर विकसित झाले त्याला आज आपण 'जुगाड' असे हलके नाव देऊन मोकळे होतो. हा शब्द मला मान्य नाही. तात्पुरती सोय आणि कायमचा पर्याय यांतला फरक त्या मेस्त्रींना आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

त्यांचे कसब कशात होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. समजा, एखाद्या गाडीच्या पाण्याच्या पंपाचे बिडाचे घर तडकले आणि नवे मिळण्याची आशा नाही. सामान्य माणसाला वाटते, की जुन्या घराचाच ठसा वाळूत घेऊन त्यात बीड ओतले म्हणजे झाले. तसे केले तर निघालेला भाग लहान होतो, कारण वितळलेले बीड थंड होताना सुमारे शेकडा एक या प्रमाणात आक्रसते आणि अॅल्युमिनियम त्याहूनही थोडे अधिक. शिवाय यंत्रावर तासण्यासाठी जो थर जादा ठेवावा लागतो, तो जुन्या भागावर आधीच तासला गेलेला असतो. म्हणून जाणता पॅटर्नमेकर जुन्या भागाची मापे घेऊन, त्यांत आकुंचनाची आणि तासणीची भर घालून, लाकडाचा निराळा नमुना घडवतो. मापे घेतानाही त्याला सतत सावध राहावे लागते, कारण समोरचा भाग तीस वर्षे झिजलेला असतो, आणि झीज हीच मूळ रचना समजून तिची नक्कल केली तर नवा भाग जन्मतःच म्हातारा निघतो. कोठे झीज आहे आणि कोठे आराखडा आहे, हे ओळखण्यास ते यंत्र चालते कसे याचे मनात पूर्ण चित्र असावे लागते. कागदावरचे रेखाचित्र ज्याने कधी पाहिले नाही, त्याने झिजलेल्या वस्तूवरून ते रेखाचित्र मनात परत उभे करणे, हे काम एखाद्या त्रुटित शिलालेखाचे वाचन करणाऱ्या पंडिताच्या कामाहून कमी प्रतीचे आहे असे मला वाटत नाही.

इंजिनाच्या अंगाचेही तसेच. सिलिंडर वरच्या बाजूस अधिक झिजून अंडाकृती होतो. मेस्त्री तो यंत्रावर बोअर करून पुन्हा गोल करतो आणि त्यात किंचित मोठ्या मापाचा पिस्टन घालतो. असे दोन-तीनदा करता येते. मग भिंत पातळ होते, आणि त्यात नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यावे लागते. ज्या गाडीला हा संस्कार दोनदा झाला, तिचे इंजिन फलकावर 'मूळ' म्हणून मिरवते, आणि त्यात खोटे काही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळांची ख्याती शेतीच्या इंजिनांमुळे झाली. पण बीड ओतणाऱ्या हातांना ते कोणत्या यंत्राचे आहे याचे सोयरसुतक नसते. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी मार्ग आणि चोर बाजार, दिल्लीचे कश्मिरी गेट, ही नावे मोटारींच्या सुंदर चित्रांनी भरलेल्या जाड पुस्तकांत येत नाहीत. त्यांच्यावाचून त्या चित्रांतल्या निम्म्या गाड्या आज लोखंडाच्या भावाने गेल्या असत्या.

येथे ग्रंथकर्त्यांशी असलेला माझा एक मतभेद नमूद करतो. त्यांनी 'लोकल' मालाची संभावना एका दमात बनावट मालाबरोबर केली आहे. बाजारात माल तीन प्रकारचा असतो: कंपनीच्या पेटीतला, दुसऱ्या कारखानदाराने उघडपणे आपल्या नावाने काढलेला, आणि कंपनीच्या नावाचा खोटा शिक्का मारलेला. तिसरा प्रकार हा शुद्ध फसवणुकीचा आहे, आणि ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या बाबतीत तर तो प्राणाशी खेळ आहे. परंतु दुसऱ्या प्रकारच्या मालाला त्याच माळेत ओवणे अन्यायाचे होईल, कारण मधल्या तीस वर्षांचा सारा डोलारा त्याच्याच खांद्यावर उभा राहिला.

संस्थानिकांच्या मोटारींविषयी या पुस्तकात दोन प्रकरणे आहेत. त्यांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांचे कौतुक करणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. 1971 साली तनखे रद्द झाल्यावर त्या गाड्यांची जी वाताहत झाली, आणि त्या काळी अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांनी जे जमवले, ते मुळातूनच वाचावे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिला नमस्कार करावयाचेच काय ते बाकी ठेवतात. जर्मनीत बनलेली ती गाडी प्रतिवर्षी त्या एका सायंकाळी बिनबोभाट चालू व्हावी, यासाठी वर्षभर कोणाचे हात काळे होतात, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो.

मूळपणाचा प्रश्न या छंदात इतका कडवट झाला आहे, की त्यावर थोडे बोलणे प्राप्त आहे. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांच्या संवादात रथ म्हणजे काय असा प्रश्न निघतो, आणि दांडा, आस, चाके यांपैकी एकेक वस्तू रथ नव्हे असे राजाला मान्य करावे लागते. परिवहन कार्यालयाने या तत्त्वचर्चेत न शिरता फार पूर्वीच निकाल देऊन टाकला: चासी क्रमांक ज्याच्यावर कोरलेला आहे ती मोटार. व्यवहाराला तेवढे पुरते. 2021 च्या नियमात मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आली आहे. आणि ज्या देशात मूळ पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसवणे हा मध्यमवर्गीयांचा काटकसरीचा मार्ग होता, तेथे ही अट पुष्कळ गाड्यांना दाराबाहेर ठेवील. ज्या फेरफाराने गाडी भंगारातून वाचली, त्याच फेरफाराने ती वारशाला अपात्र ठरावी, यातील विसंगती कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे: ती अट नसती, तर नव्या पत्र्याला जुना क्रमांक चिकटवून वारसा विकणाऱ्यांचे फावले असते.

सुटा भाग बनवण्याचा हक्क कोणाचा, हा यापुढचा प्रश्न, आणि त्यावर ब्रिटनच्या उमराव सभेने 1986 साली दिलेला निकाल या पुस्तकात सविस्तर आला आहे हे फार चांगले झाले. मॉरिस मरीना या गाडीची धुराची नळी आर्मस्ट्राँग नावाच्या कंपनीने परवान्यावाचून बनवून विकली. ब्रिटिश लेलँडने आपल्या रेखाचित्रांवरील स्वामित्वाच्या आधारे फिर्याद केली. आणि न्यायाधीशांनी असे ठरवले, की ज्याने मोटार विकली त्याला, ती चालू ठेवण्यासाठी लागणारा भाग खरीददाराला स्वस्तात मिळू नये, असा बंदोबस्त त्या स्वामित्वाच्या बळावर करता येणार नाही. योगायोग पहा: त्याच लेलँडच्या वारसा-शाखेने अवघ्या दोन वर्षांनी, 1980 साली बंद झालेल्या एमजीबी गाडीचे जुने डाय शोधून काढून तिचे संपूर्ण सांगाडे नव्याने दाबून विकावयास आरंभ केला, आणि त्यांना इतकी मागणी आली, की 1992 साली त्याच सांगाड्याच्या आधारे कंपनीने आरव्ही8 ही नवी एमजी बाजारात आणली. जुन्यांच्या सुट्या भागांतून नवी मोटार जन्मास आल्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्याकडे 2014 साली स्पर्धा आयोगाने चौदा मोटारउत्पादकांना, ते बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू देत नाहीत या कारणास्तव, एकंदर 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे ते प्रकरण अपिलांत गेले. आजची गाडी पन्नास वर्षांनी वारसा होईल की नाही, हे तिच्या रंगरूपावर अवलंबून नसून तिच्यातील संगणकाची किल्ली कोणाच्या हाती राहते यावर अवलंबून आहे, आणि म्हणून हा खटला छंदाच्या इतिहासातलाच आहे असे मी समजतो.

शेवटी आपल्या फियाटविषयी. पन्नासच्या दशकात आलेल्या ज्या इलेव्हन हंड्रेडला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत, तिच्यापासून 1964 च्या डिलाइटपर्यंत आणि पुढे प्रीमियर पद्मिनीपर्यंत, 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे हे कूळ कुर्ल्याच्या कारखान्यातून विसावे शतक संपेपर्यंत निघत राहिले. तिचे भाग इतकी वर्षे सर्वत्र आणि स्वस्तात मिळाले याचे कारण हौशी मालक नव्हेत. कारण काळ्यापिवळ्या टॅक्सी होत. दाराच्या रबरी पट्टीचा साचा करावयाचा तर तो काही हजार पट्ट्या खपल्यावाचून परवडत नाही, आणि तेवढा खप फक्त टॅक्सीवालाच देऊ शकत होता. 2023 च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. पण नेमक्या त्याच सुमारास पहिल्या पद्मिनी पन्नाशीला पोचून वारशाच्या यादीत शिरू लागल्या होत्या, आणि त्यांना पोसणारा गिऱ्हाइकांचा समुदाय त्याच वेळी नाहीसा झाला, याची दखल कोणी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यात भर म्हणून पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल आले. आपल्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारा हा मद्यार्क जुन्या रबरी नळ्या आणि इंधनपंपातला पडदा फुगवतो, हवेतली ओल शोषून घेतो, आणि जी गाडी महिनोगणती उभी असते तिच्या टाकीत व कार्ब्युरेटरमध्ये गंज धरवतो. त्यावर उपाय आहे: नळ्या आणि पडदे फ्लुओरीनयुक्त रबराचे करावयाचे, आणि उभ्या गाडीची टाकी रिकामी ठेवावयाची. परंतु तसा पडदा थोडक्या संख्येत, पदरमोड न होता कोण करून देईल, हा प्रश्न पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीशी येऊन थांबतो. ग्रंथकर्त्यांनी या विषयावरील प्रकरण अगदी शेवटी, परिशिष्टाच्या आधी घातले आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ते पहिल्याने वाचावे, आणि संस्थानिकांची प्रकरणे सवडीने पाहावीत.